बोटीतला संडास

पाइपच्या सांध्याखाली तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि थोडा वेळ तसंच बसून राहायचं. मग हात बाहेर काढून माझ्यासमोर उताणा करायचा. त्यावर काहीही नसायचं. निदान मला तरी दिसायचं नाही.

"ओलं आहे," मॅडम म्हणायच्या.

"घाम असेल, मॅडम."

"घाम कोमट असतो. हे गार आहे. पुन्हा काढा."

मी प्लंबिंगचा कॉन्ट्रॅक्टर. माजिवड्याला माझं दुकान आहे आणि घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच टॉवरांमधली बाथरूम माझ्या माणसांनी केलेली आहेत. बिल्डर ओरडतात, सोसायटीचे सेक्रेटरी ओरडतात, त्याची सवय आहे. पण "पुन्हा काढा" हे शब्द इतक्या शांतपणे आणि इतक्या वेळा मला दुसऱ्या कुणी ऐकवलेले नाहीत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव मोबाईलवर दिसलं की आपण आधी फोन पालथा घालतो आणि मग वैतागून उचलतोच. माझ्यासाठी ते माणूस म्हणजे मॅडम.

मॅडमनी साठी ओलांडलेली होती. लग्न केलेलं नव्हतं. एका औषध कंपनीत त्या तपासणी विभागात होत्या, म्हणजे माल पास की नापास हे ठरवायचं काम. रिटायर झाल्या आणि लोक योगासनांचा क्लास लावतात तसा यांनी शिडाची बोट चालवायचा क्लास लावला. तिथे थांबल्या असत्या तर माझी कंबर आज ठीक असती. त्यांनी एक जुनी फायबरची बोट विकत घेतली. कोलशेतला खाडीच्या काठावर एका दादांची जागा होती. आजोबा-पणजोबा मिठागरात राबलेले, आता जमिनीवर टॉवर उभे राहिलेले, असे ते दादा. त्यांच्या शेडमध्ये ही बोट ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. बोटीत झोपायला दोन फळ्या होत्या, छोटा ओटा होता. संडास नव्हता.

"तुम्ही माझ्या घरचं बाथरूम केलंत. गळलं नाही," मॅडम मला दुकानात येऊन म्हणाल्या. "आता बोटीचं करा. कमोड आणि एक बेसिन."

मला वाटलं, त्यात काय. पाइप म्हणजे पाइप.

घरात आपण पाइपला ढाळ देतो आणि पाणी आपल्या पायांनी निघून जातं. बोटीत कमोड बसतो बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली. म्हणजे पाणी बाहेर जायचं राहिलं, खाडीच आत यायला टपलेली. म्हणून पाइप आधी वर चढवायचा, पाण्याच्या पातळीच्या बराच वर कमान करायची, कमानीच्या डोक्यावर हवा घेणारा एक चिमुकला व्हॉल्व्ह लावायचा आणि मग तो खाली उतरवायचा. फ्लश नाही. हातपंपाचा दांडा वर-खाली करायचा. आणि हे सगळं कपड्यांच्या कपाटाएवढ्या जागेत. माझ्या माणसांनी पहिल्याच दिवशी हात टेकले. "शेठ, यात आम्ही मावतच नाही," म्हणाले. मग मी गेलो. डोकं बेसिनखाली, पाय बाहेरच्या फळीवर आणि बरगडीत लाकडाची पट्टी रुतलेली, अशा अवस्थेत माझा तो अख्खा हिवाळा गेला.

सगळ्यात वाईट दिवस भोक पाडायचा. आयुष्यभर मी स्लॅबला, भिंतींना भोकं पाडत आलो. पण बोटीच्या तळाला ड्रिल लावताना माझा हात थांबला. दादा शेडच्या दारात उभे राहून बघत होते.

"बोटीन संडास कशाला पायजे?" ते म्हणाले. "आमी इतकी वरसा मचवा चालवला, आमाला नाय लागला."

मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरच्या बायका यायच्या का मचव्यावर?"

"बायका कशाला येतील?"

"तेच," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पाडा भोक."

सामान मिळवणं हा वेगळाच ताप. आपल्याकडच्या पाइपचं माप आणि त्या कमोडच्या नळीचं माप यांचं जुळेना. जाड होज पाइप नळीवर चढेना, म्हणून मॅडम घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी आणायच्या, त्यात पाइपचं टोक बुडवून मऊ करायचं आणि गार व्हायच्या आत जीव खाऊन ढकलायचं. दर वेळी माझी बोटं भाजायची. पाइप आवळायच्या पट्ट्या आणायला ठाण्यातल्या एका दुकानात गेलो, तर मॅडमनी पर्समधून लोहचुंबक काढलं आणि काउंटरवर मांडलेली एकेक पट्टी तपासायला लागल्या.

"ही चिकटते. म्हणजे गंजणार. ही नको. ही नको. ही पण नको."

दुकानदार माझा जुना ओळखीचा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे कित्येक दिवस मी त्याच्या दुकानासमोरून जाताना स्कूटरचा वेग वाढवत असे. पट्ट्या शेवटी मुंबईला जहाजांच्या जुन्या सामानाच्या बाजारात मिळाल्या. प्रत्येक सांध्याला एक नाही, दोन लावायच्या, हा मॅडमचा हुकूम.

मग मैल्याच्या टाकीवरून आमची जुंपली. माझं म्हणणं, सरळ बाहेर सोडून द्या. अख्ख्या शहराचे नाले या खाडीत उतरतात, तुमच्या एका कमोडने तिचं काय बिघडणार आहे?

"नाले त्यांचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "हा माझा आहे."

म्हणजे आणखी एक टाकी, तिला आणखी पाइप, आणखी सांधे, आणि प्रत्येक सांध्याखाली तो तळहात.

शेवटी एकदाची बोट पाण्यात उतरली. सगळं कोरडं होतं. मॅडमचा हातसुद्धा. मी मनातल्या मनात सुटलो. मग त्यांनी शीड उभारलं, वारा भरला, बोट एका बाजूला कलली आणि खालून गुळगुळ आवाज आला. जाऊन बघतो तर बेसिनच्या भोकातून खाडीचं मळकं पाणी वर येत होतं आणि पाहता पाहता बेसिन काठोकाठ भरलं. बोट कलली की बेसिन पाण्याच्या पातळीखाली जातं, हे जमिनीवर उभ्या बोटीत कुणाला कळणार? मी व्हॉल्व्ह बंद करून वर आलो. मॅडम सुकाणू धरून बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "पुन्हा काढतो."

पण त्या दिवशी काठावर आल्यावर माझा तोल सुटला. "मॅडम, एक सांगा. दोन-तीन तासांची फेरी मारणार तुम्ही. घरून जाऊन या ना. एवढ्यासाठी एवढा संडास लागतोच कशाला? मी इतर कामं सोडून इथे चिखलात लोळतोय."

मला वाटलं, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी मोकळे आहात? डोंबिवलीला जायचंय. मेजरटेप घ्या."

डोंबिवलीला त्यांची मोठी बहीण राहायची. पहिल्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. ताईंनी दार उघडलं, हसून "या" म्हणाल्या आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसल्या. हॉलमध्ये खिडकीजवळ छान ऐसपैस जागा होती, पण ताईंची खुर्ची होती आतल्या बोळाच्या तोंडाशी, संडासाच्या दाराला जवळजवळ टेकून. टीव्हीसुद्धा भिंतीला तिरका लावलेला, त्या खुर्चीतून दिसेल असा.

चहा होईपर्यंत ताई दोनदा उठून आत गेल्या. दोन्ही वेळा मला "माफ करा हं" म्हणाल्या. मी मान खाली घालून बिस्किट खात राहिलो.

"ताई, जरा या स्टुलावर बस," मॅडम म्हणाल्या. "कॉन्ट्रॅक्टर माप घेतील."

"कसलं माप?"

"गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. आणि कोपरं बाजूला केल्यावर किती जागा लागते ते."

"अगं, काय चाललंय काय तुझं?" ताईंचा चेहरा लाल झाला. "मी त्या बोटीवर येणार नाही, हे मी तुला हजारदा सांगितलंय. उगाच त्यांना कशाला त्रास?"

"येऊ नकोस. माप तर दे."

ताई बसल्या. मी माप घेतलं. डावा गुडघा त्यांना पुरता वाकवता येत नव्हता, तेही लिहून घेतलं. माझ्या धंद्यात मी माणसांची मापं कधी घेतली नव्हती. बाथरूमचं माप असतं, माणूस त्यात मावून घेतो.

जिना उतरताना मॅडम बोलल्या. ताईंना दर अर्ध्या तासाने जावं लागतं. डॉक्टर झाले, औषधं झाली. आधी त्यांनी लांबचे प्रवास सोडले, मग लग्नकार्यं सोडली. एकदा कल्याणला एका बारशाला गेल्या असताना तिथल्या बाथरूमसमोर रांग होती आणि ताईंना थांबवलं नाही. नवी साडी होती अंगावर. त्यानंतर त्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जात नाहीत.

"लहानपणी आम्ही दोघी खाडीवर जाऊन बसायचो," मॅडम म्हणाल्या. "तिला पलीकडे जायचं असायचं. मला नाही. मला पाण्याची भीती वाटायची."

एवढंच. मी दुसऱ्या दिवशी कमोडखालचा चौथरा फोडून उंच केला. उजव्या हाताला धरायला दांडा बसवला. बेसिनचा पाइप सोडवून वेगळ्या वाटेने वर नेला. हे सगळं करताना माझी चिडचिड कमी झाली असं मात्र समजू नका. पट्टी बरगडीत रुततच होती आणि मॅडमचा हात सांध्याखाली होताच.

ताईंनी यायचं कबूल केलं ते केवळ बहिणीचं तोंड बंद करायला. मॅडमनी डोंबिवलीहून कोलशेतपर्यंतचा रस्ता संडासांवरून आखला होता. अमुक पेट्रोल पंप, मग एका ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना, मग माझं दुकान. मी दुकानातलं बाथरूम आदल्या दिवशी ॲसिड टाकून घासून घेतलं. गाडी सगळीकडे थांबत थांबत आली आणि माजिवड्यापुढे ट्रॅफिकमध्ये अडकली. पुढे कुठे ट्रेलर बंद पडला होता. मी स्कूटरवरून पुढे गेलो आणि काठावर उभं राहून ओहोटी बघत बसलो. पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. गाडी पोहोचली तेव्हा बोट धक्क्याच्या खूप खाली गेली होती, मधल्या दगडी पायऱ्यांवर हिरवट शेवाळ आणि गुडघाभर चिखल.

ताईंनी कापडी बूट घातले होते, नवे. त्या काठाशी आल्या, खाली वाकून बघितलं आणि मॅडमच्या दंडाला धरून मागे सरकल्या.

"मला घरी सोड," त्या म्हणाल्या. "आत्ता लगेच."

मी अक्षरशः पाय आपटला. महिनेन् महिने मी त्या कपाटात अंग चोरून काढले. कमान, टाकी, दुहेरी पट्ट्या, एक थेंब गळत नाही. आणि आज खाडीने पाणीच काढून घेतलं. मॅडमनी ताईंना दादांच्या घरी बाथरूमला नेऊन आणलं, गाडीत बसवलं आणि गाडी परत फिरली. जाताना त्यांनी काच खाली करून मला विचारलं, "भरती पुन्हा सकाळी कधी येते हो?"

"ते तुम्हाला माहीत, मॅडम. मी प्लंबर आहे."

पुढच्या वेळी ताईंना आदल्या दिवशीच घोडबंदर रोडला मॅडमच्या घरी मुक्कामाला आणलं होतं. सकाळी पूर्ण भरती होती, बोट धक्क्याच्या बरोबरीने डुलत होती. तरीही मध्ये वीतभर फट होती आणि ताई त्या फटीकडे बघून थिजल्या. दादा बघत होते. ते घरात गेले, प्लास्टिकची खुर्ची आणि आपल्या भावाला घेऊन आले.

"बसा, आयव," दादा म्हणाले. "आमी उचलतू."

दोघांनी खुर्चीसकट ताईंना उचललं आणि अलगद बोटीत ठेवलं. ताईंनी डोळे घट्ट मिटले होते. उघडले तेव्हा काठ मागे गेला होता.

मी सोबत होतो. काही गळलं तर बघायला म्हणून, मॅडमचा आग्रह. पाना, टेप, जादा वॉशर, सगळं मांडीवर घेऊन बसलो होतो. बोट तिवरांच्या कडेने निघाली. पुढे पात्र रुंद झालं तसं मॅडमनी इंजिन बंद करून शीड सोडलं. वारा बेताचा होता. ताई आधी खुर्चीला धरून बसल्या, मग एक हात सोडला, मग दुसरा. एका होडीतल्या माणसाने हात केला, त्याला यांनीही हात केला.

"ताई, जायचंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा. "जाऊन येतेस का?"

"नको गं."

अर्धा तास होऊन गेला. मी घड्याळाकडे बघायला लागलो. तासही उलटला. मॅडमची चुळबुळ सुरू झाली. "अगं, नंतर घाई होईल. जाऊन ये ना एकदा. दांडा आहे धरायला, उंची तुझ्या मापाची आहे."

"मला लागलेलीच नाही तर काय करू?" ताई म्हणाल्या. त्या पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. तिकडचे डोंगर आता जवळ आले होते. "तिकडे आणखी जवळ नेता येईल का?"

खोटं कशाला बोलू, मला रागच आला. माझे हात भाजले, कंबर गेली, ओळखीचा दुकानदार गेला, आणि ज्या बाईसाठी हे सगळं केलं तिला आज लागतच नव्हती. परतीच्या वाटेवर एकदा ताई उठल्या, कडेला धरत धरत खाली गेल्या, दार लावून घेतलं. मी कान टवकारले. पंपाचा आवाज नाही. लगेच दार उघडून वर आल्या.

"काय झालं? अडलंय का काही?" मी उठलोच.

"नाही हो. नुसती बघून आले. फार छान केलंय."

मॅडमनी चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि शिडाकडे बघत राहिल्या. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं की रडत होत्या. पण त्यांच्याबद्दल तपासल्याशिवाय असं काही बोलू नये.

त्यानंतर त्या दोघी पुष्कळदा गेल्या. मला बोलावणं कमी झालं. कधीतरी फोन यायचा, पंपाचं रबर बदला, व्हॉल्व्हवर मीठ साचलंय. म्हणजे संडास वापरात होता, याचं मला समाधान वाटायचं आणि कामाचा कंटाळाही यायचा.

गेल्या दिवाळीनंतर मॅडम गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या, दुपारी दवाखान्यात नेलं, रात्र काढली नाही. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. बोट नातेवाइकांनी विकली. नव्या मालकाने कुठूनतरी माझा नंबर मिळवला. म्हणाला, संडास काढून तिथे फ्रिज बसेल का?

"नाही बसणार," मी म्हणालो.

"तुम्ही येऊन बघून तर—"

"बघायची गरज नाही. मीच केलंय ते." आणि मी फोन ठेवला.

ताईंना भेटायला जायला मला महिना-दीड महिना लागला. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. एका कामासाठी डोंबिवलीला गेलेलो, तेव्हा न कळवताच वर गेलो. दाराला कुलूप. मी घाबरलो. शेजारच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्या ना? कल्याणला गेल्यात. भाचीच्या मुलीची साडीखरेदी आहे. सकाळीच गेल्या."

"एकट्या?"

"रिक्षाने गेल्या की."

मी जिन्यात थांबलो. निघावं असं दहादा वाटलं, पुढचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. शेवटी खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि ताई एकेक पायरी चढत वर आल्या. हातात साड्यांच्या दुकानाची मोठी पिशवी. मला बघून त्या क्षणभर थांबल्या. डोळे भरून आले, पण कुलूप उघडायची घाई होती.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. दार उघडून पिशवी माझ्या हातात दिली. "बसा हं. आधी जाऊन येते, मग चहा टाकते."

बोळातलं दार लागलं. मी पिशवी धरून हॉलमध्ये उभा राहिलो. थोड्या वेळाने फ्लशचा आवाज आला, आणि मग टाकी भरायला लागली. भरली, पण पाणी थांबेना. बारीक धार आत कमोडमध्ये पडत राहिली. वॉशर गेला होता, बरेच दिवस झाले असावेत.

ताई तोंडावर पाणी मारून, पदराने पुसत बाहेर आल्या.

"चहा राहू दे," मी म्हणालो. "घरात स्क्रू-ड्रायव्हर आहे का?"